शिवेपासून घरापर्यंत

आप्पा,

काल शाळेत एक बाप आला होता. मी आता लोहाऱ्याला खेळाची शिक्षिका आहे, त्यामुळे पोरीला स्पर्धेला पाठवू की नको असं विचारायला बाप येतातच, त्यात नवल नाही. हा मात्र वेगळंच विचारायला आला होता. माझ्या हाताखाली खोखो शिकलेली त्याची पोरगी विद्यापीठाच्या रग्बी संघात निवडली गेली आहे आणि शनिवार-रविवारच्या सामन्यांसाठी संघ काठमांडूला निघालाय. टोपी काढून मांडीवर ठेवत तो म्हणाला, “बाई, ती जाईल हो. परत कोन आणंल?” हाच प्रश्न, ह्याच शब्दांत, तुम्ही आमच्या कॉलेजच्या रग्बीच्या मॅडमना विचारला होता, अणदूरला आपल्या ओट्यावर, टोपी अशीच मांडीवर ठेवून. त्या माणसाला मी पाणी प्यायला दिलं आणि उद्या या म्हणून सांगितलं.

तुम्हाला आठवतं का, हा खेळ पहिल्यांदा मी तुम्हाला कसा समजावला ते? पुण्याला शिकायला गेले तेव्हा मला फक्त खोखो येत होता. मॅडमनी माझं पळणं बघितलं आणि रग्बीत ओढलं. दिवाळीला घरी आले आणि चेंडू नव्हता म्हणून तुमच्या घोंगड्याची गुंडाळी करून अंगणात तुम्हाला पळून दाखवलं. तुम्ही मेंढरं वाड्यात कोंडून येऊन बसला होतात. हसून हसून तुम्हाला ठसका लागला. “म्होरं पळायचं आन् चेंडू मागं द्यायचा? कुनाच्या डोस्क्यातून निघालं हे?” मी सांगितलं, पुढे फेकायची बंदी आहे आणि पळणाऱ्याला सारखं मागे बघायला सवड नसते. म्हणून मागून येणाऱ्यानं आवाज द्यायचा, आहे मी, आहे. त्या आवाजाच्या रोखानं चेंडू सोडून द्यायचा. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, मग हा आपला खोच झाला की, तिथंही आवाज मागूनच येतो. जन्मात कधी मैदानावर पाय न ठेवलेला माणूस, पण मेंढरांच्या मागे चालून आवाज देण्यात आयुष्य गेलं तुमचं. मेंढरं तरी कुठे वळून बघतात? त्या दिवसापासून आपला तो खेळच झाला. रानात जाताना मी पुढे, तुम्ही मागे. मी न वळता विचारायचं, आप्पा, हाय न्हवं? आणि तुम्ही म्हणायचं, हाय, हाय, चाल. आई म्हणायची, बापलेकीला येडच लागलंय.

मग कोलंबोचं निघालं. शुक्रवारी जायचं, दोन दिवस तिथल्या विद्यापीठाच्या मुलींशी सामने, सोमवारी सकाळी घरी. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा पोरीनं काय दिवे लावले हे बघायला निम्मी आळी आपल्या दारात जमली होती. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि जमलेल्या सगळ्यांनाही पाजलात. संमतीपत्रावर सही मात्र करेनात. शेवटी मॅडम स्वतः गावात आल्या आणि तुम्ही तो प्रश्न विचारलात. मॅडम विमानाचं, हॉटेलचं सांगायला लागल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, “तसं न्हवं. आमचा देव बी गाव सोडून जातो, पर करार करून जातो.” मॅडमना काही कळेना. मग तुम्हीच सांगितलंत, आमचा खंडोबा वर्षातला काही काळ नळदुर्गला मुक्कामाला जातो, आणि नेताना-आणताना दोन्ही गावची माणसं करार करतात, कधी नेणार, कधी परत येणार. देवाला जे लागतं ते पोरीला का लागू नये? पुण्याच्या त्या मॅडमनी तळहातावर भंडारा घेतला आणि सोमवारी तुमची पोरगी परत, असा शब्द दिला. तुमच्या बाजूचा शब्द तुम्ही दिलात, “म्या शिवेवर येतो आणायला. देव आला की मानूस म्होरं जातं.” मला लाज वाटत होती आणि छाती भरूनही आली होती. आईनं धपाटी बांधून दिली, शेंगाचटणी दिली, वर भंडाऱ्याची पुडी. विमानतळावर ती पिवळी पुडी बघून तपासणीच्या माणसानं मला बाजूला घेतलं, ही हळद आहे हे त्याला पटवता पटवता मॅडमच्या नाकी नऊ आले.

तिथलं मी तुम्हाला सांगितलं होतं, तरी परत सांगते. का, ते पुढे कळेल. तिथलं मैदान हिरवंगार आणि इतकं मऊ की पडायला भीती वाटत नाही, आणि आपण इकडे मुरमावर पडून गुडघे सोलून घेतलेले. पहिल्या सामन्यात त्यांनी आम्हाला धू धू धुतलं. दुसऱ्यात आमची एक मुलगी चेंडू घेऊन सुटली, तिला दोघींनी घेरलं आणि मी तिच्या मागून जिवाच्या आकांतानं ओरडले, “हाय, हाय.” संघात सगळ्या हसायच्या माझ्या ह्या ओरडण्याला. तिनं न बघता चेंडू सोडला, तो माझ्या छातीशी आला आणि मी रेषेपलीकडे जाऊन जमिनीला टेकवला, म्हणजे आम्हाला गुण. तो सामनाही आम्ही हरलो, पण थोडक्यात. जेवायला भात होता, ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी होती, आणि तिथल्या मुलीही हातानंच जेवत होत्या, म्हणून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. संध्याकाळी त्या आम्हाला समुद्रावर घेऊन गेल्या. समुद्र कसा असतो ते बघून ये आणि मला सांग, असं तुम्ही बजावलं होतंत. मी बराच वेळ बघत राहिले, तुम्हाला कसं सांगावं ह्याचाच विचार करत. नळदुर्गच्या किल्ल्यावरून बोरी नदीचं पाणी दिसतं ना, तसंच, फक्त पलीकडचा काठ काढून टाकलेला.

परतीचं विमान उशिरा सुटलं. सोलापूरला पोचेपर्यंत सोमवारची सकाळ टळून गेली होती. मी घरी फोन केला तर आई म्हणाली, हे उजाडल्यापासून शिवेवरच्या फाट्यावर जाऊन बसलेत, दोनदा निरोप धाडला तरी येत नाहीत. आणायला गेलेला माणूस मोकळ्या हातानं परत येत नाही म्हणे. मी हसले. एसटीतून उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि तुम्ही लिंबाखाली अंगावर घोंगडं ओढून बसला होतात. उन्हात घोंगडं कशाला, असं तेव्हा मनात आलं आणि तसंच गेलं. तुम्ही उठलात, माझ्या कपाळाला भंडारा लावलात, हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलात. माझी पिशवी उचललीत, द्या म्हणाले तर दिली नाहीत, मग मीच तुमच्या हातातून ओढून घेतली. तुम्ही म्हणालात, “आता म्होरं चाल. मागं बगू नगं. देव मागं बगत न्हाय.” हे कराराच्या कुठल्या कलमात होतं कोण जाणे, मला वाटतं तुम्ही तिथल्या तिथे बनवलंत.

मी पुढे, तुम्ही मागे. मी बडबडत चालले आहे, मैदान, चटणी, तो चेंडू. तुमची पावलं मागून संथ येतायत. मला वाटतं, पालखीच्या चालीनं चाललेत आप्पा, थाटात आणतायत मला. मीही पावलं आखडती घेते आणि मनातून फुलून जाते. मध्येच विचारते, आप्पा, हाय न्हवं? “हाय. हाय. चाल.” समुद्राचं सांगितलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी परत विचारलं, हाय न्हवं? जरा वेळानं आलं, “हाय.” एकदाच.

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या मागे बघत होती आणि तिचा चेहरा बदलला. तेव्हा मी वळले. तुम्ही पायरीवर टेकला होतात, सदरा ओलाचिंब, तोंडावर राख फासल्यासारखा रंग. शेजाऱ्यांची जीप काढली, सोलापूरच्या वाटेला लागलो. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी वाकून विचारलं, आप्पा, हाय न्हवं? त्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत.

दहाव्याला फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं ते मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. सकाळपासून तुमची छाती दुखत होती. तो गाडीवर दवाखान्यात नेतो म्हणाला, तुम्ही हललाही नाहीत. तुम्ही त्याला म्हणालात, “पोरगी उतरली आन् शिवेवर कुनीच न्हाय, आसं व्हऊ देऊ का म्या?” मला तुमचा राग येतो आप्पा. इतकी वर्षं झाली, तरी येतो. देव दगडाचा आहे, तो शिवेवर थांबला असता, मीही थांबले असते, नाहीतर एकटी घरी आले असते, माझं काय झिजणार होतं? तुम्ही दवाखान्यात असता तर मी तिथे आले असते आणि तिथे सगळं सांगितलं असतं. आता मला हेही माहीत नाही की तुमच्या कानावर काय गेलं आणि काय नुसतं उन्हात विरलं. समुद्र ऐकलात का तुम्ही? म्हणून वर परत लिहिला.

आज तो बाप पुन्हा आला. मी त्याला म्हणाले, पाठवा पोरीला, बिनघोर पाठवा. पण आणायला कुठे जाऊ नका, घरात पंख्याखाली बसा, ती आपल्या पायानं येते. आणि मध्ये काही दुखलं-खुपलं तर आधी दवाखाना, पोरगी काही पळून जात नाही. मला वाटतं, बाई जरा चक्रम आहे असं समजून गेला असेल. पण जाताना त्यानं खिशातून संमतीचा कागद काढून सही केली.

हे लिहिलेलं मी ट्रॅकसूटच्या खिशात ठेवणार आहे, धुवायला पडेल तेव्हा जाईल. तुमच्या पत्त्यावर एसटी जात नाही. शनिवारी आईकडे जाते तेव्हा जीपवाला घरापर्यंत सोडतो म्हणतो, तरी मी फाट्यावरच उतरते. लिंब अजून आहे. तिथून चालत निघते आणि मागे वळत नाही. वळले की तुम्ही नसणार, एवढं मला कळतं. वाटेत कुणी नसलं की विचारते, आप्पा, हाय न्हवं? आणि आवाज जाड करून मीच म्हणते, हाय, हाय, चाल.