गोदामाचा रविवार

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

तुला, वहिनीला आणि पोरांना सलाम. वहिनीची कंबर आता कशी आहे? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला पेन उचललं होतं, पण ते राहू दे.

तुझं पत्र मिळालं. एकाच शहरात राहून तू पोस्टाने पत्र पाठवलंस, तेव्हाच कळलं की आत काही गोड नसणार. प्रभुभोजनाची थट्टा झाली, समितीत बोलणं निघालं, सासूबाईंना आपल्या चर्चमध्ये पुन्हा आणू नकोस. बरं. नाही आणणार. तुझं म्हणणं पाळलं जाईल, काळजी करू नकोस. भांडायला माझ्यात त्राण नाही. आठवडाभर लाँड्रीत उभं राहून हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालते, वाफेने बोटांची टोकं सोलून निघालीत, आणि घरी आले की पुन्हा चादरच बदलायची असते. हे ट्रक घेऊन गेले की पंधरवड्याने उगवतात. पण एवढं लिहिते की थट्टा कुणी केली नाही. तू पुढून पाहिलंस, मी शेजारी बसले होते.

आमच्या घरात दोन रविवार असायचे, हे तुला ठाऊक आहे. सासूबाई कॅथलिक, मी आपली प्रोटेस्टंटच राहिले. ह्यांनी लग्नाआधी तसा शब्द दिला होता आणि पाळलाही. दर रविवारी आम्ही दोघी बरोबर बाहेर पडायचो आणि कोपऱ्यावरच्या किल्ल्यांच्या दुकानापाशी त्या उजवीकडे, मी डावीकडे. आपल्या चर्चला त्या ‘गोदाम’ म्हणायच्या. “जा बाई, गोदामाला उशीर होतोय तुला.” मीही काही कमी नव्हते. त्यांच्या चर्चला मी ‘मेणबत्त्यांचं दुकान’ म्हणायचे. ते नाव तुझंच आहे.

मग त्या न्हाणीत पडल्या आणि खुबा मोडला. त्यांच्या चर्चने चाकांची खुर्ची वापरायला दिली. पहिल्या खेपेला मी त्यांना दारात सोडून आपल्याकडे पळाले. आपली उपासना लांबली, तुझ्या सूचना काही संपता संपत नाहीत. परत येऊन बघते तर त्यांची मिस्सा केव्हाच आटोपलेली, दाराला कुलूप, आणि सासूबाई पायरीशी भर उन्हात खुर्चीत बसलेल्या, डोक्यावर जपमाळेची पिशवी धरून. एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या रविवारी मी आत बसले.

बसले म्हणजे काय, ओंडक्यासारखी बसले. सगळे उभे राहिले तरी मी बसलेलीच, सगळे गुडघ्यांवर आणि मी ताठ. तेवढ्यात सासूबाई कुजबुजल्या, “गुडघे टेक म्हणत नाही मी. जरा पुढे तरी झुक. मागच्या बाईला वाटेल मी तुला दटावून आणलंय.” मला हसू आवरेना. मागची बाई खरंच बघत होती. नंतर बाहेर आल्यावर तिने विचारलंच, “हिचा बाप्तिस्मा तरी झालाय का?” सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या आधी झालाय.” माझ्या बाजूने त्या जन्मात पहिल्यांदा बोलल्या असतील.

मूर्तींचं म्हणशील तर आपण लहानपणापासून ऐकलं की ते लोक दगड पूजतात. मी पाहिलं ते असं, की एक बाई बाकं पुसायच्याच फडक्याने मरियेचे पाय पुसत होती आणि पुसता पुसता मुलाच्या नोकरीचं काहीतरी तिच्या कानावर घालत होती. आपली आई भांडी घासताना देवाशी बोलायची ना, तसंच. मला त्यात रागावण्यासारखं काही सापडलं नाही.

ख्रिस्तशरीर घ्यायला रांग लागली की खुर्ची ढकलत मलाही पुढे जावं लागे. पहिल्यांदा माझी गाळणच उडाली. तिकडची नसताना मी घ्यायचं नाही हे ठाऊक होतं, पण खुर्ची सोडून जाऊ कुठे? सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, “हात छातीवर फुलीसारखे ठेव. फादर समजतील.” फादर अगदी तरुण आहेत, त्यांना त्या दिवशी जबरदस्त सर्दी झाली होती. त्यांनी सासूबाईंच्या जिभेवर प्रसाद ठेवला आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. बस, एवढंच.

दादा, बाबा गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. मी तिथेच भोकाड पसरलं. तू मला उगीच ‘भोंगा’ म्हणायचास का? सगळ्या रांगेसमोर भोंगा वाजला. फादर बिचारे घाबरले आणि सासूबाई म्हणाल्या, “चालू द्या, चालू द्या, ती दमलीय.” मी दमलेय हे घरात कुणाला दिसत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग त्यांनीच ठरवलं, एक रविवार त्यांचा, एक माझा. “बघू तरी तुझं गोदाम.” आत आल्यावर त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि माझ्या कानात म्हणाल्या, “चार भिंती आणि एक घड्याळ. देव काय घड्याळ बघून येतो?” आता तू चिडशील. पण पुढचं ऐक. तू पुढे उभा राहून गायला लागलास आणि मागून सगळ्यांनी चार सुरांत साथ धरली, तेव्हा त्यांची नजर घड्याळावरून तुझ्याकडे वळली. गाणं संपल्यावर विचारलं, “हा तुझा भाऊ ना? असला गळा असलेला माणूस माझ्या मुलाच्या लग्नात फाटकाबाहेर उभा होता होय?”

मला वाटलं होतं त्या विसरल्या असतील. तू नवा कोट घालून त्यांच्या चर्चच्या फाटकाबाहेर उभा राहिलास, आत पाऊल टाकलं नाहीस, आहेर माझ्या हातात रस्त्यावर दिलास. त्या विषयावर आपण कधी बोललो नाही. मला फार लागलं होतं रे.

आणि मग ते प्रभुभोजन. आपल्याकडे ताट हातोहात फिरतं, ज्याने त्याने तुकडा उचलायचा. त्यांना ते काय माहीत! ताट माझ्यापर्यंत आलं, मी वळून पाहते तर सासूबाई डोळे मिटून, तोंड उघडून बसलेल्या. आयुष्यभर फादरांनी जिभेवर ठेवायचं आणि सासूबाईंनी घ्यायचं, तीच सवय. मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली. दादा, मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या तोंडात चमचा घालते. मी काय ताट पुढे सरकवून दिलं असतं? मी तुकडा उचलला आणि त्यांच्या तोंडात ठेवला. त्यांनी “आमेन” म्हटलं, जरा मोठ्यानेच. तुझी थट्टा ती एवढीच.

वाटेत त्याच धास्तावल्या, “हे पाप तर नाही ना झालं?” फादरांना विचारायला लावलं. ते म्हणाले, नियमाने नको होतं; पण आजी, कुणाच्या हातून खाल्लंत? सुनेच्या ना? मग आता त्याच हातांसाठी प्रार्थना करा. आपल्या पाळकसाहेबांना मी विचारलं तर ते म्हणाले, समितीला विचारा. म्हणजे तुलाच.

पत्र इथे संपवणार होते. पण तुझं म्हणणं पाळलं जाईल असं वर लिहिलंय, ते काही मी शहाणी मुलगी झाले म्हणून नाही. खुर्ची घडी घालून दाराआड उभी केलीय. त्यांना आता बसवत नाही. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, जाताना पायऱ्यांवर थांबून माझा हात धरला, औषध काही बदललं नाही. मी पाव दुधात भिजवून ओठांशी नेते आणि त्या तोंड मिटून घेतात. कितीही विनवलं तरी तोंड उघडत नाहीत. मला आता काही सुचत नाही.

आज सकाळी मात्र त्यांनी विचारलं, “पुढचा रविवार कुणाचा?”

“गोदामाचा,” मी म्हटलं.

“मग गोदाम इकडे आण. त्या फाटकाबाहेरच्याला म्हणावं, आत ये आणि गाणं म्हण.”

त्यांना आणू नकोस म्हणालास, नाही आणत. तू ये. खोलीत मेणबत्ती असेल, भिंतीवर मरियेचं चित्र असेल, ते मी काढून ठेवणार नाही. समितीला सांगायचं तर सांग, नाहीतर नको सांगूस. दार नुसतं लोटलेलं असतं, ढकलून आत ये.

तुझीच,
भोंगा


शनिवार, २२ नोव्हेंबर

दादा,

तुला आणि घरच्यांना सलाम. काल दफनभूमीतून तू परस्पर निघून गेलास. माझ्याभोवती बायकांचा गराडा होता, नाहीतर मी हाक मारली असती. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

पहिली म्हणजे, त्या रविवारी तू गाऊन गेलास तेव्हा तुझा चेहरा पडला होता. पलंगाशी उभा राहून सगळी कडवी म्हटलीस आणि त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. तुला वाटलं असेल, फुकट आलो. तू जिना उतरलास आणि मी कप विसळायला वळले, तर मागून, “संपलं का?” म्हणाल्या. आणि डोळे मिटून तोंड उघडलं. मी धावत जाऊन भिजवलेला पाव आणला. एकच घास घेतला, पण घेतला. “आमेन” म्हणाल्या. त्यानंतर त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही. तो घास तुझ्यामुळे गेला, हे तुला कळायला हवं.

दुसरी गोष्ट कालची. शवपेटी चर्चच्या आत गेली तेव्हा मी मुद्दाम मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि तू फाटकाबाहेर दिसला असतास, तर मला पुढचं पाऊल उचलवलं नसतं. मग बाकावर शेजारी कुणीतरी येऊन टेकलं आणि तुझ्या कोटाचा वास आला. सगळे गुडघ्यांवर गेले आणि तू ताठ बसलेलास, अगदी ओंडका. मी तुझ्या कानात काहीतरी पुटपुटले, तुला हसू आलं आणि तू जरा पुढे झुकलास. ते वाक्य माझं नव्हतं, दादा. मागच्या पत्रात नीट वाच, कुणाचं होतं ते कळेल. मागे तीच बाई बसली होती.

ह्यांना उद्या पुन्हा ट्रकवर जायचंय. खुर्ची मी फादरांना परत केली. उद्याचा रविवार सासूबाईंच्या चर्चचा आहे. ढकलायला काही नाही, तर माझ्या हातांचं काय करायचं ते मला समजत नाही. येशील का? त्याच्या पुढचा गोदामाचा, तेव्हा मी येईन.

मी किल्ल्यांच्या दुकानावरून उजवीकडेच येणार आहे, पण हल्ली मला सगळीकडे उशीर होतो. तू माझ्या आधी पोचलास, तर फाटकाबाहेर थांबू नकोस. आत जाऊन बस, मी येते.

तुझी,
भोंगा