कॅमेरा परत नेण्याविषयी

सिरसाळा,
१२ नोव्हेंबर १९९५

तीर्थस्वरूप बसवेश्वरमामा यांस शिवकन्येचा शरणार्थ.

इकडे आई-दादा आणि मी, तिघंही ठीक आहोत. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, त्यामुळे ती खालूनच हाका मारते आणि चढणं माझ्याकडे आलं आहे. दादांचं दुकान नेहमीसारखं चालू आहे. लातूरला तुमची आणि मामींची तब्येत कशी आहे ते कळवावं. मामींच्या दातांचं काय ठरलं तेही लिहावं, कारण आई दर दोन दिवसांनी मला विचारते आणि मला माहीत नसतं.

पत्रास कारण असं, की गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुम्ही दिलेला रशियन कॅमेरा परत घेऊन जावा. हा निर्णय रागाच्या भरात घेतलेला नाही. मी वर्षभर नोंदवही ठेवली आहे. सात रोल, म्हणजे दोनशे बावन्न फोटो. त्यातला एक रोल आईने संपवला (ते पुढे येईल). उरलेल्यांत चांगले म्हणावेत असे चार, आणि त्या चारांतले दोन माझा हात चुकून लागल्यामुळे निघालेले. कॅमेऱ्यात काही दोष नाही. तो बनवणारा देश मोडला, कॅमेरा मोडला नाही. दोष उत्साहात आहे. उन्हाळ्यात मी तसं कळवलं तेव्हा तुम्ही पोस्टकार्डावर उत्साह टिकवण्याचे तीन उपाय लिहून पाठवलेत. तिन्ही क्रमाने करून पाहिले. निकाल देते.

पहिला उपाय, रोज एकाच जागेचा एकाच वेळी एक फोटो काढणे. मी दादांच्या दुकानासमोरचा रस्ता निवडला, सकाळी आठची वेळ, टेलिफोन एक्स्चेंजला ड्यूटीवर जाण्याआधी. तीन पायांचा स्टँड रस्त्याच्या कडेला मांडला. भिंगातून पाहून अंतर ठरवणं मला पुरेसं खात्रीचं वाटत नाही (पॉलिटेक्निकची सवय), म्हणून टेप घेऊन स्टँडपासून समोरच्या प्रत्येक दुकानाच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. यात मला काही वावगं दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या हॉटेलवाल्याने आपली भट्टी दोन फूट आत घेतली. चौथ्या दिवशी चपलांच्या दुकानाचा पत्रा निघाला. पाचव्या दिवशी एक गृहस्थ मला आडोशाला घेऊन अगदी हळू म्हणाले, "ताई, रस्ता किती फुटी धरलाय? आमची भिंत तेवढी वाचवा." मी फोटो काढते आहे असं सांगितलं. ते समजूतदारपणे हसले, "तसंच सांगायला सांगतेत वरून, ठाव हाय आमाला." सातव्या दिवशी बाजार होता, आणि बैलगाडीसमोर बैलगाडी येऊनही दोन्ही न थांबता गेल्या, असं सिरसाळ्यात मी प्रथमच पाहिलं. वाईट एवढंच, की आठव्या दिवशी दादांनीही आपला पत्रा काढून आत घेतला. मी म्हटलं, दादा, तुम्हाला तर माहीत आहे की रस्तारुंदी बिंदी काही नाही, मीच आहे. ते म्हणाले, "मला माहीत हाय गं. पण समदी आत सरल्यावर आपलंच एकट्याचं बाहेर दिसतंय की." तेव्हापासून दुकानात दुपारभर ऊन येतं, गूळ पाघळतो, आणि पाघळलेल्या प्रत्येक ढेपेमागे दादा माझ्याकडे बघतात. फोटो आठ आले. सगळ्यांत रस्ता आहे.

दुसरा उपाय, माणसांचे फोटो काढणे. माणसं आपल्याला उभारी देतात असं तुम्ही लिहिलं होतं. आमच्या शेजारच्या जानकीबाई तुम्हाला आठवत असतील (आईच्या बारशाचा किस्सा सांगणाऱ्या नव्हेत, दुसऱ्या, उंच आहेत त्या). त्यांच्या पुण्याच्या मुलाला पाठवायला फोटो हवा होता. मी त्यांना सकाळच्या तिरप्या उजेडात दाराशी बसवलं आणि चेहऱ्याचा जवळून काढला. एक एक सुरकुती दिसत होती, मागची भिंत हवी तेवढी पुसट झाली होती. चारांतला मी जाणूनबुजून काढलेला पहिला चांगला फोटो तो. जानकीबाईंनी तो उलटा करून मागची बाजू पाहिली.

"बाकीची कुटं हाय मी?"

मी सांगितलं की फोटो एवढाच आहे.

"आगं, लेकानं पुण्याहून नवी चप्पल धाडलीय. ती घातलेली बगायचीय त्याला. तू त्वांडच काढलंस. त्वांड त्यानं बगितलंय की जलमल्यापून."

मी सतरा फुटांवर जाऊन त्यांना नखशिखांत काढलं. त्यात चेहरा उडदाच्या दाण्याएवढा आहे, उजेड सपाट आहे, कडेला एक शेळी अर्धी आली आहे. जानकीबाई म्हणाल्या, "आता कशी समदी आले." तो फोटो पुण्याला गेला. चांगला माझ्याकडे पडून आहे.

मग मी माणसं सोडून दगडांकडे वळले. धर्मापुरीच्या देवळावर बाहेरच्या भिंतीला ज्या मूर्ती आहेत त्यांच्यावर तीन रविवार घालवले, एसटीने जाऊन येऊन. मूर्ती हलत नाहीत, पूर्ण येण्याचा हट्ट धरत नाहीत, आणि ज्यांचे पाय तुटलेले आहेत त्या विचारतही नाहीत. चौतीस फोटो झाले. दोन शिल्लक होते म्हणून रोल कॅमेऱ्यातच ठेवला आणि खंडेनवमी आली. आईने पूजेला दुकानाचा तराजू, वजनं, अडकित्ता, माझा सोल्डरिंगचा सगळा संच आणि कॅमेरा असं पाटावर मांडलं. इथपर्यंत माझी हरकत नव्हती. मी आंघोळीहून आले तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण सताड उघडं, आणि आई अनामिकेने फिल्मवर कुंकू लावत होती. मी झाकण लावलं. मग आई म्हणाली, "आतून नको का लावाया? तिजोरी पूजताना काय दार लावून पूजतो व्हय आपण?" तिचा मुद्दा तिच्या जागी बरोबर होता. झाकणाचा चाप शोधायला मला कॅमेरा मिळाला त्या दिवशी पाव तास लागला होता. तिने तो चष्म्याशिवाय शोधला. उजेड लागून चौतीस मूर्ती गेल्या. शिवाय कुंकवाचा एक कण फिल्मसमोरच्या चौकटीच्या कडेला असा चिकटला, की त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत खाली उजवीकडे एक ठिपका येतो. (कण वर डावीकडे आहे. आत प्रतिमा उलटी पडते.)

तिसरा उपाय, जाणकाराला फोटो दाखवणे. जाणकार म्हणजे परळीचे बंकट, रोल मी त्यांच्याच स्टुडिओत देते. त्यांनी रंगीत फोटोचं काम सुरू केल्यापासून काळ्या-पांढऱ्या रोलसाठी ते मला चहा पाजतात, आजाऱ्याला पाजावा तसा. माझे रोल पुढे औरंगाबादला जातात, तिथे असा आणखी कुणाचा रोल येईपर्यंत थांबतात आणि मग परत येतात. सरासरी सत्तावीस दिवस. बंकट म्हणाले, "ताई, रंगीत काढा ना बे... माफ करा, सवय हाय. रंगीत काढा. टीव्ही रंगीत झाला, जाहिराती रंगीत झाल्या, तुमीच कावून मागं राहिल्या?" फोटोंबद्दल ते एवढंच म्हणाले की ठिपका चांगला आहे, ओळख पटते.

मामा, खरी अडचण या सत्तावीस दिवसांत आहे. सर्किट जोडताना चूक झाली तर दिवा लागत नाही. ते तेव्हाच कळतं, तेव्हाच दुरुस्त होतं. इथे आज केलेली चूक पुढच्या महिन्यात कळते, आणि तोवर ती मी आणखी चाळीस वेळा केलेली असते. अशाने कुणाचा उत्साह टिकेल असं मला वाटत नाही. म्हणून कॅमेरा घेऊन जावा. मामींना नमस्कार.

तुमची,
शिवकन्या

ता.क. १ : कॅमेरा न्यायला कुणाला पाठवू नये. एसटीच्या पार्सलनेही मागवू नये. तुम्ही स्वतः यावं, आणि दादा दुकानात असतील अशा दिवशी यावं.

ता.क. २ : दुकानामागे रिकाम्या पोत्यांची खोली आहे. आठ फूट बाय सहा, खिडकी नाही, दार आतून लागतं. दाराच्या फटीला कांबळं लावून मी भर दुपारी बारा वाजता आत वीस मिनिटं बसून पाहिलं. स्वतःचा हात दिसला नाही. रोल धुवायला आणि फोटो छापायला याहून बरी जागा बीड जिल्ह्यात असेल असं वाटत नाही. सत्तावीस दिवसांचं काम त्या खोलीत एका संध्याकाळी होईल. दादांना दोनदा विचारलं. एकदा म्हणाले पोती कुठं ठेवू, एकदा म्हणाले लग्नाच्या पोरीनं अंधारात कडी लावून बसू नये. पोत्यांसाठी माळ्यावर जागा केली आहे. दुसऱ्या मुद्द्यावर मी बोलले की ते गुळाकडे बघतात, आणि तुम्ही बोललात की ऐकतात. कारण मला माहीत नाही, निरीक्षण कळवते आहे. कडीचं तेवढं तुम्ही बोलावं. कडी आतूनच लागली पाहिजे. बाहेरून कुणी दार उघडलं तर रोल जातो. (रोलच नव्हे, एकटीने बसायची ती वीस मिनिटंही जातात, पण दादांना रोलचंच सांगावं.)

ता.क. ३ : कॅमेरा मी देणार नाही. नुसतं या म्हटलं असतं तर पोस्टकार्ड आलं असतं, म्हणून तसं लिहिलं. या पत्रात खोटं तेवढंच आहे. आकडे सगळे बरोबर आहेत.