नत्थूजीच्या नावाला हाजर कोण

कोर्टाबाहेरच्या अर्जनवीसाने माझं मृत्युपत्र आठ ओळींत उरकलं. घर लिहिलं, पोस्टाचं पुस्तक लिहिलं, आणि मी मुलाच्या मरणावर आले तेव्हा पेन खाली ठेवून म्हणे, "आजी, हे यात बसत नाही." तो कागद मी त्याच्यासमोरच फाडला. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. म्हणून हे तीन दिवस बसून माझ्या हाताने लिहिलं आहे. काना-मात्रा शेजारच्या सुमतीबाई मास्तरणीने नीट केल्या. शब्द माझे आहेत.

मी रंभाबाई, बापूजी निखाडे यांची विधवा, वय अंदाजे सदुसष्ट, राहणार इतवारी, नागपूर. छाती गेली आहे, डोकं जागेवर आहे. मला कोणी धमकावलं नाही आणि कोणी गोड बोलून फशीही पाडलं नाही. माझ्या मागे वस्तूंचं आणि माणसांचं काय करायचं ते असं.

कलम १. दोन खोल्यांचं टिनाचं घर नातू श्रीधर यास, पण कलम ५ मधली अट पाळली तरच. सून पुष्पलता हिला जिवंत असेपर्यंत तिथून कोणी ऊठ म्हणायचं नाही. पोस्टात जे असेल ते तिचं. तिने मला नऊ वर्षं सांभाळलं. तोंड वाकडं करून सांभाळलं, पण सांभाळलं.

कलम २. माझं घमेलं भंगारात द्यावं. गावाबाहेरच्या रंगाच्या कारखान्यात (नाव लिहून कागद विटाळत नाही) मी अकरा वर्षं ठेक्यावर रेजा, म्हणजे ओझी वाहणारी मजूर बाई, होते. शेंदराची भुकटी डोक्यावर वाहिली. कायमच्या कामगारांना धुळीपायी गूळ मिळे, तोंडाला फडकं मिळे. आम्ही मागितला तर कंपनीचा बाबू म्हणे, बाई, तू ठेकेदाराची, त्याले माग. ठेकेदार म्हणे, धूळ कंपनीची, तिले माग. मारुतीला लागतो तोच शेंदूर मी अजून थुंकते.

कलम ३. आता जे आठ ओळींत बसलं नाही ते. ओमप्रकाश ठेकेदाराच्या मस्टरवर नेहमी एकोणीस नावं. वीस झाली की सरकारी परवाना लागतो, म्हणून विसावं नाव कधी लिहिलंच नाही. कोणी काम सोडून गेला की त्याचं नाव तसंच ठेवायचं आणि नव्या माणसाने त्या नावाला "हाजर" म्हणायचं. नत्थूजी भोयर यांच्या पायावर ड्रम पडला, ते बेसाला जाऊन शेळ्या राखू लागले. कारखान्यात मात्र ते रोज हजर. त्यांच्या नावाला माझा मुलगा आनंदराव उत्तर देत होता.

सन १९७४ च्या चैत्रात रंगाच्या टाकीचा तळ खरवडायचा होता. आत वाफ कोंडलेली. कायमच्या माणसाने मुखवटा मागितला, तो सापडेना, म्हणून ठेक्याचा माणूस उतरवला. दोर कोठीत, कोठीला कुलूप, चावीवाला जेवायला गेलेला. आनंदराव आत पडला त्याचा आवाज आला म्हणतात. ओढायला कमरेला काही नव्हतं. काढला तेव्हा संपलेला होता. मग त्याला फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला निजवलं आणि उन्हाने चक्कर येऊन पडला असं सांगितलं. मी साहेबापुढे उभी राहिले. त्याने मस्टर उघडून दाखवलं. आनंदराव नावाचा माणूस आत आलाच नाही. नत्थूजी सकाळी हजर, संध्याकाळी हजर, घरी गेला.

संध्याकाळी हजर. तेव्हा माझा मुलगा रस्त्यावर पडला होता.

कलम ४. चांदीचे गोठ लेक इंदुताईला. तिच्या नवऱ्याला, देवाजीला, माझ्या घरातला खिळासुद्धा नाही. तोही तेव्हा त्याच ठेक्यावर होता. त्या संध्याकाळी नत्थूजीच्या नावाला "हाजर" म्हणणारा तोच. दोन वर्षांनी माझ्या ओसरीवर बसून रडत स्वतःच बोलला, "मामी, ते नाव रिकामं राहिलं असतं तं ठेकेदाराने मलेच भायेर काढलं असतं." मी म्हटलं, "जवाईबापू, तोंड धुवा अन् चहा घ्या." चहा दिला. माफी दिली नाही. त्याच वर्षी तो मुकादम झाला. आता मस्टर तोच पुकारतो.

कलम ५. दिवाळीपासून श्रीधर त्याच कारखान्यात जातो. देवाजीनेच लावला. कोणत्या नावावर, मी विचारलं. पोरगं भाकरी मोडत म्हणालं, "नत्थूजी. नाव काही असो आजी, कामाले काय फरक पडते?"

"तुह्या बापालेही नव्हता पडत, गा."

म्हणून अट. मस्टरवर श्रीधर आनंदराव निखाडे असं विसावं नाव लिहून घ्यावं, नाहीतर ते काम सोडावं. दोन्ही केलं नाही तर घर पुष्पलताचं, आणि याने नत्थूजीच्या घरी राहायला जावं. विहिरीचा अंबाडीचा दोर, चाळीस हात, मी स्वतः वळलेला, तो अट पाळो न पाळो श्रीधरलाच. कमरेला हा बांधल्याशिवाय कुठल्याही टाकीत उतरायचं नाही. दुसरं टोक अशा माणसाच्या हातात द्यायचं ज्याला तुझं खरं नाव माहीत आहे.

नागपूर, ता. १४ जानेवारी १९८३.
सही: रंभाबाई बापूजी निखाडे

साक्षीदार:
१. सुमती दत्तोपंत जोगळेकर, शिक्षिका, इतवारी. सही.
२. नत्थूजी भोयर, राहणार बेसा. जिवंत. कारखान्यात नाही. डाव्या हाताचा अंगठा.

कागदाला खाली जागा उरली, म्हणून साक्षीदार बसले असतानाच हे लिहिते. माझ्या तेरवीला पंगत बसण्याआधी सुमतीबाईंनी अंगणात हजेरी घ्यावी. आनंदराव बापूजी निखाडे हे एकच नाव पुकारावं. उत्तर देवाजीने द्यावं, दुसऱ्या कोणी नाही. तो देईपर्यंत कोणाच्याही पानात वाढायचं नाही.