नातीच्या बंद दाराबाहेरून विहीणबाईंना

आदरणीय विहीणबाईंना,

तुमच्या नातीच्या या दुसऱ्या आजीचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली वाकू देत नाही, पण कागदावर वाकायला काय जातं.) नवी कवळी आता नीट बसते का? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, बोलताना पुढे येते म्हणून. माझ्या शेजारणीचं अगदी तसंच होत होतं. तिला दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर कमी बोला. तिने कवळीच काढून ठेवली. तुम्ही तसं करू नका. जावईबापू कसे आहेत? ते मुळातच मोजकं बोलणारे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्यांचं माझ्याशी बोलणं सगळं मिळून तासभर झालं असेल, आणि त्यातला अर्धा तास गळक्या नळाबद्दल. माझी तब्येत उत्तम आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या, आणि मुद्दा कुठे हरवला तर पुढच्या ओळीत शोधा, तिथेच कुठेतरी असतो.

तर पत्र लिहिण्याचं कारण असं की आपली नात सुखात आहे, हे तुम्हाला सविस्तर कळावं. नोकरी सोडून ती माझ्या मागच्या खोलीत बसते आणि दिवसभर करते काय, हा तुमचा प्रश्न मला माहीत आहे, कारण पहिले चार महिने तो माझाही होता. मला कळलं ते एवढंच की लोकांना आपल्या धंद्यासाठी कंप्युटरकडून जे काही करून हवं असतं, ते ती कंप्युटरला समजेल अशा भाषेत लिहून देते. साहेब नाही, हजेरी नाही, जे काम आणतील ते गिऱ्हाईक. ऐकायला छान आहे. पण विहीणबाई, घरी बसलेल्या माणसाला लोक मोकळं समजतात. (मी स्वेटर विणायचे तेव्हा आख्खी गल्ली लोकर आणून टाकायची, तुम्ही काय घरीच असता म्हणून. एका बाईने तर कुत्र्याचं माप पाठवलं होतं. मी विणलाही. कुत्र्याला फार शोभला.) तसंच पोरीचं झालं. जेवताना फोन, आंघोळीला गेली की फोन, रविवारी फोन. तिचा डावा डोळा फडफडायला लागला आणि खांदा असा धरला की वेणी मला घालून द्यावी लागे. मी डॉक्टरांकडे नेली. ते तपासत असताना ही एका हाताने गिऱ्हाइकाला उत्तर लिहीत होती. डॉक्टरांनी फोन काढून घेतला, टेबलाच्या खणात ठेवला आणि मगच नाडी धरली. असा डॉक्टर मिळायला भाग्य लागतं.

तेव्हाच जावईबापूंनी ओळखीने एका मोठ्या कंपनीत तिच्यासाठी जागा बघितली. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिने त्यांना शब्द दिला, की एवढ्या दिवसांत आजारी न पडता माझं काम मला चालवता आलं तर ठीक, नाही तर मुकाट्याने नोकरीवर जाईन. तुम्हाला हे ठाऊक असेलच. पण शब्द दिल्यावर ती माझ्या ओट्यापाशी येऊन किती वेळ नुसती उभी होती, ते तुम्हाला ठाऊक नसणार. तिला जायचं नव्हतं. तिला हे काम आवडतं, विहीणबाई. एखादं जमलं की ती आतून शीळ घालते.

मग तिने नियम केले. खोलीच्या दारावर कागद लावला आणि तोच मजकूर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. नऊ ते एक आणि दोन ते सहा काम. फोन नाही, जे असेल ते लिहून कळवा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर मिळेल. रविवार बंद. एका वेळी तीनच कामं. आणि कागदावर जे ठरलं तेवढंच होईल, त्यापलीकडचं ते नवीन काम, त्याचा वेगळा कागद, वेगळे दिवस, वेगळे पैसे. मी वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपल्याला कुणी नाही म्हणायला शिकवलंय का? भीड भिकेची बहीण असं म्हणतात खरं, पण माझ्या घरात ती बहीण पंचाहत्तर वर्षं मुक्कामाला आहे.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे एक गृहस्थ. आमच्याकडे त्यांना ड्रायव्हिंगवाले म्हणतात. तिचं जवळजवळ निम्मं काम त्यांचंच, म्हणजे ते गेले तर नोकरी ठरलेली. त्यांना हवं होतं असं की शिकणाऱ्यांनी आपली वेळ आपणच फोनवर नोंदवावी, म्हणजे एका गाडीवर एकाच वेळी दोघं येऊन भांडणार नाहीत. ते झालं. मग त्यांना गाडीचे फोटो हवे झाले. मग शिकणाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. बोट दिलं की मनगट धरायचं, आणि दर वेळी म्हणायचं, एवढं एक छोटंसं आहे. एका सकाळी पोर आंघोळीला गेली होती आणि टेबलावरचा फोन वाजायचा थांबेना. माणूस ताटकळत राहतो हे मला बघवत नाही, मी उचलला. ड्रायव्हिंगवालेच होते, शेजारी कुणाला तरी शिकवतच बोलत होते, मध्ये मध्ये क्लच, क्लच, अहो क्लच असं चाललं होतं. इतक्या गोड आवाजात त्यांनी माझी चौकशी केली आणि छोटी छोटी कामं सांगितली की मी सगळ्याला हो म्हटलं. किती ते मोजलं नाही. (नंतर कळलं, एकोणीस.) वर तोंडातून निघून गेलं, घर तुमचंच समजा, कधीही या.

ते रविवारी सकाळी आले.

आता दारात आलेल्या माणसाला काय करणार? मी बसवलं, चहा दिला, मग दुसरा दिला. त्यांनी वही उघडून त्या एकोणीस गोष्टी मला समजावल्या. त्यातल्या एकीत शिकणाऱ्याने गाडी चुकीच्या बाजूला वळवली तर त्याच्या आईला निरोप जाणार होता. मला ती कल्पना पसंत पडली. तेवढ्यात पोर बाहेर आली, केस विस्कटलेले, अंगात पजामा, नुकती उठलेली. मला वाटलं ओरडेल. ती हसली, नमस्कार केला, त्यांची वही नीट वाचली आणि परत दिली.

“सर, ही नवीन कामं आहेत. मंगळवारी लिहून कळवते काय होईल आणि किती दिवस लागतील. आज माझी सुट्टी आहे.”

एवढंच. आवाज चढवला नाही की पाडला नाही. ते म्हणाले, पण आजी तर हो म्हणाल्या. ती म्हणाली, आजीला कंप्युटर येत नाही. ते माझ्याकडे बघायला लागले, मी कपबशीकडे. चहा अर्धा टाकून ते निघून गेले. आणि मंगळवारी तिने लिहून पाठवल्यावर त्यांचं काहीच उत्तर आलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. सोमवार उजाडला आणि महिना संपायला चार दिवस उरले. पोरीने कपाटातून नोकरीचे कपडे काढून इस्त्रीला दिले होते. माझ्या एका हो पायी पोरीचं सगळं गेलं असं मला वाटत होतं.

म्हणून मी गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण दुसरं सुचेना. तिला सांगितलं, औषध आणते, आणि दोन चौक ओलांडून ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. पदर पसरून माफी मागायची तयारी केली होती, वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. आत गेले तर ड्रायव्हिंगवाले एका बाईंना सांगत होते की तुम्ही दहा मिनिटं उशिरा आलात, आता तीसच मिनिटं मिळतील. बाई काकुळतीला आल्या होत्या, हे हलत नव्हते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला मोठा फळा होता. मी अक्षर अक्षर लावून दोन ओळी वाचल्या आणि माफीचं वाक्य विसरले. बाई गेल्यावर मी म्हटलं, चष्मा घरी राहिलाय हो, एवढं काय लिहिलंय ते वाचून दाखवता का? (चष्मा पिशवीत होता. देव माफ करो.) ते अभिमानाने उभे राहिले आणि खड्या आवाजात वाचायला लागले.

“एक, शिकवणी चाळीस मिनिटांची, उशिरा येणाऱ्यास वेळ वाढवून मिळणार नाही. दोन, ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा जादा फेरी वेगळी धरली जाईल. तीन, ओळखीचा हवाला देऊ नये. चार, रविवारी पूर्ण बंद. सुट्टीच्या दिवशी…”

इथे त्यांचा आवाज बसला. मी म्हटलं, पुढे? ते हळूच म्हणाले, मालकांना त्रास देऊ नये. मग खुर्चीत बसले. आपला तो बाब्या, दुसरं काय. म्हणाले, आजी, हे फार वर्षांच्या मनस्तापानंतर लिहिलंय.

“तिने पहिल्याच वर्षी लिहिलं,” मी म्हटलं. “हुशार आहे.”

तेव्हा ते हसले. मग कबूल झाले की रागाच्या भरात त्यांनी ते काम दुसऱ्या एकाला विचारलं होतं. तो एकोणीसच्या एकोणीस गोष्टींना हो म्हणाला आणि तेव्हापासून फोन उचलत नाही. निघताना त्यांनी मला विचारलं, साधारण किती दिवस लागतील हो? माझ्या जिभेवर होतं, दोन दिवसांत करून देईल. विहीणबाई, मी ती जीभ दातांखाली धरली आणि म्हटलं, ते तीच लिहून कळवेल. आयुष्यात पहिल्यांदा. घरी येईपर्यंत पायांना पंख फुटले होते, औषध आणायचं मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. एकोणीसपैकी तीनच गोष्टी हव्यात, तिने सांगितलेले दिवस मान्य, कागद मान्य. (वळणाचा निरोप आईला जाणार नाही, याचं मला वाईट वाटलं.) आणि शेवटी लिहिलं होतं, आजींना नमस्कार, त्यांच्या चष्म्याचं बघा. झालं, चोरी उघडी पडली. पोरीने मला समोर बसवलं.

“आजी, तू माझ्यासाठी गेलीस ते मला कळतं. पण ते परत आले नसते तरी मी कुणाला विनवायला गेले नसते. एखादं गिऱ्हाईक जाणार, हे धरूनच मी तो कागद लावला होता.”

मी विचारलं, मग कपडे इस्त्रीला का दिलेस? ती म्हणाली, भीती वाटत होती म्हणून. भीती वाटली तरी कागद काढायचा नाही, एवढं ठरवलं होतं. मला दुपारच्या जेवणापर्यंत वाईट वाटलं. जेवणानंतर तिने माझ्यासाठी वेगळा कागद आणला. तिचा फोन उचलायचा नाही आणि गिऱ्हाइकांच्या घरी जायचं नाही. मी खाली सही केली, जोडाक्षरासकट.

आता सांगायचं तर आमचं फार बरं चाललंय. तिने कंपनीला नम्रपणे नकार कळवला. डोळा फडफडत नाही. वेणी तिची ती घालते. सहाला कंप्युटर मिटते आणि आम्ही बागेपर्यंत चालत जातो, मी बाकावर बसते, ती दोन फेऱ्या मारते. रविवारी नऊपर्यंत झोपते आणि मी तिला उठवत नाही, नुसती दारातून बघून येते. काल आतून शीळ ऐकू आली. काय जमलं ते कळलं नाही, पण मी बाहेर बसल्या बसल्या हसले. तुम्हालाही हसू यावं, म्हणून हे पान लिहिलं. लेकीला आणि जावईबापूंना माझे आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा एकदा कागदावरचा वाकून नमस्कार. लोभ आहेच, तो कुणी नियमात बसवलेला नाही.

तुमचीच,
नातीची मागच्या खोलीवाली आजी

ता. क. नोकरी नाकारल्याचं जावईबापूंना सांगू नका. शनिवारी ती स्वतः सांगणार आहे. ते “बरं” म्हणतील. तुम्ही मात्र आश्चर्य वाटल्यासारखं करा.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुम्ही तिला रोज अकरा वाजता फोन करता, जेवलीस का विचारता आणि मग पस्तीस मिनिटं तिकडची सगळी खबर देता. ड्रायव्हिंगवाल्यांना जे तिने एका दमात सांगितलं, ते तुम्हाला सांगायला ती आरशासमोर तीनदा उभी राहिली. “आजी, अकरा वाजता…” इथपर्यंत येते आणि थांबते. तुमच्यावर जीव आहे ना. मी हे लिहिलंय ते तिला माहीत नाही. तिला सहानंतर करा, ती वाट बघेल.

ता. क. तिसरा. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. मीही तिचं दार वाजवते. परवा झाकण सापडत नाही म्हणून, काल भिंतीवर मांजर झोपलंय हे सांगायला. दार बंद झालं की घर फार मोठं वाटतं हो. तर अकरा वाजता मला फोन करत जा. तुम्ही तिकडे गुंतलात, मी इकडे गुंतले, की पोरीला एकपर्यंत धोका नाही. माझ्या दारावर कसलाच कागद नाही. फोन मी हातातच धरून बसेन आणि पहिल्याच घंटीला उचलेन, म्हणजे आत आवाज जाणार नाही.