नदीकाठच्या भिंतीची अकरा भोके

प्रिय ताई,

मी, तुझा धाकटा भाऊ, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आपल्या दोघांच्या नदीकाठच्या घराचा सध्याचा राखणदार, हे पत्र नदीकडच्या संरक्षक भिंतीच्या दुरुस्तीसंबंधी लिहीत आहे. तू लेकीकडे राहायला गेल्याला तीन वर्षे झाली. त्या काळात भिंतीचे पोट पुढे येतच गेले आणि गेल्या पुरात तिचा मधला भाग मागच्या मातीसकट कोसळला. तुझ्या खोलीचा पाया आणि काठ यांच्यामध्ये साडेचार फूट जमीन उरली. मी टेप लावून तीनदा मोजली. ती वाढली नाही. पुढच्या पुराआधी भिंत उभी झाली नाही, तर खोली नदीत जाणार हे उघड होते.

म्हणून गवंडी बोलावला. साठीचा, काटक आणि तोंडाने फटकळ. भिंत कशी असावी याचा मी स्वतः काढलेला आराखडा त्याच्या हाती दिला. त्याने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारले, "साहेब, यात नदी कुठं आहे?" मी भिंत अगदी ओळंब्यात, सरळ उभी काढली होती. त्याच्या मते ती मातीकडे किंचित रेलून बसायला हवी. "तुमच्यासारखी ताठ उभी राहिली तर पहिल्याच धक्क्याला आडवी होईल," तो म्हणाला. तुझ्या भावजयीच्या हातातला चहा हिंदकळला. इतक्या वर्षांत यांना नेमके ओळखणारा पहिला माणूस भेटला, असे ती आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

काम मात्र त्याचे चोख. नदीच्या तळाखाली जाईल एवढा खोल पाया खणला आणि प्रवाहाने खालची माती पोखरू नये म्हणून भिंतीच्या पायाशी मोठमोठे दगड रचले. पाया भरून झाल्यावर तो जुन्या, उभ्या राहिलेल्या भागाकडे वळला आणि थबकला. "भोकं कुठायत?" मातीत मुरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून अशा भिंतीला खालच्या अंगाला भोके ठेवतात. ती नसली, तर पाणी मागे साचते आणि भिंतीला ढकलत राहते. त्याने बोटांनी चाचपून रंगाखालचा सिमेंटचा एक गोल शोधला, त्यावर पहार ठेवली आणि हातोडा घातला.

मी वही घेऊन बरोबर समोर उभा होतो. भोकातून पाणी उसळले आणि इस्त्रीचा सदरा, चष्मा, वही, सगळ्यांवर एकाच वेळी चिखल. तुझी भावजय पायरीवर बसून हसत होती, उठवेना तिला. गवंड्याने विचारले, "बुजवली कुणी?" चष्मा पुसत मी ठामपणे सांगितले, "मूळ गवंड्याचा निष्काळजीपणा."

त्याने हातोडा खाली ठेवला. "मूळ गवंडी म्हणजे माझे वडील. मी त्यांच्या जोडीनं दगड लावलेत इथं. भोकं अकरा ठेवली होती, मोजून."

हसणे थांबले. मग मी खरे सांगितले. पाच वर्षांपूर्वी घराला रंग दिला, तेव्हा भोकांतून झिरपणाऱ्या गढूळ पाण्याचे ओघळ पांढऱ्या भिंतीवर मला बघवेनात. अकराही भोके मीच बुजवली, एकसारखी, घोटून. त्याच्या वडिलांवर आळ घेतल्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली. त्याने बुजवणीवरून अंगठा फिरवला. "काम मात्र झकास केलंत. थेंब बाहेर येऊ दिला नाहीत." मग पहार माझ्या हातात दिली. वाचलेल्या भागातली उरलेली भोके मी मोकळी केली. तळहाताला सहा फोड आले. कोसळलेला भाग त्याने नव्याने बांधला, मागे खडी भरली, भोके ठेवली. काल भिंत पूर्ण झाली. तुझी खोली सुरक्षित आहे.

ताई, एवढेच कळवायचे असते तर फोन पुरला असता. तीन वर्षांपूर्वी मी तुला सात मुद्द्यांचे पत्र लिहिले होते. एकाच घरात राहून, पाकिटात घालून, तुला 'आपण' असे संबोधून. 'आपण फुलझाडांना घातलेल्या पाण्यामुळे भिंत फुगली', असे त्यात होते. मी वाफे उपटून टाकले आणि त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. तिथे तीन वर्षे कुणी झारीभरही पाणी घातलेले नाही, तरी त्या भोकातून पाणी उसळले. वरच्या उताराचे पाणी होते ते, आणि त्याची वाट मी अडवली होती. शिवाय गवंडी म्हणतो, वरची माती धरून होती ती तुझ्या झाडांची मुळेच. ते सातही मुद्दे चुकीचे होते. मला क्षमा कर. भिंतीमागे नवी माती भरून तयार आहे आणि पूर यायच्या आत तीत मुळे धरायला हवीत. मी अजून काहीही लावलेले नाही. मी लावले तर दोरी धरून एका रांगेत लावीन, हे तू जाणतेस. तू ये.

तुझाच,
धाकटा (तू ज्याला फूटपट्टी म्हणतेस तो)

स्थळ : तुझ्या खोलीतले टेबल
दिनांक : ११ मे