वजाबाकीत उरलेला आवाज

रविवार, संध्याकाळ. कामशेत.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबा गात नाहीत. बेडशाच्या कार्यक्रमातल्या त्यांच्या भीमगीतांची एकच कॅसेट उरली आहे, तिचीही फीत झिजली आहे. म्हणून आज मी ती कॉम्प्युटरवर घ्यायला बसले. पहिल्याच गाण्यात बाबांचा आवाज जवळजवळ गायब.

“माजा आवाज कुटं गेला?” बाबा घोगऱ्या स्वरात म्हणाले. चेहरा उतरला होता.

चूक माझी. डावा आणि उजवा चॅनल मी साउंड कार्डच्या एकाच इनपुटला दिले होते. ते इनपुट एकातून दुसरा वजा करतं. बाबा मधोमध उभे, म्हणजे दोन्हींत सारखे, म्हणून उडाले. कडेचं तेवढं उरलं. आणि कडेला एक बाई गात होती. प्रत्येक ओळीआधी खोल श्वास, मग सरळ वर चढणारा सूर. साधं गणित आहे हे, तरी अंगावर काटा आला.

“ही कोण?”

“तुजी आई. कोरसला व्हती.”

आई भाकरी थापत होती. “ह्यांच्या गळ्यापुढं मला कोन ऐकतंय?”

मी आईला कधी गुणगुणतानाही ऐकलेलं नाही. एवढी वर्षं एका घरात राहून?

दोन वायरी दोन इनपुटांना लावल्या. बाबा परतले, स्पष्ट, भरदार. आई त्यांच्यामागे बुडाली. ती तिथे आहे हे माहीत असूनही मला फक्त तो श्वास सापडत होता.

बाबांनी स्वतःचं गाणं संपू दिलं नाही. म्हणाले, “ते मगाचं चुकीचं लाव.”

आईने गॅस बारीक केला.