आत्याचे श्वास मोजताना

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. शेणवा

आजपासून माझा मुक्काम हौसाआत्याकडे. पहिलं वर्ष धसईहून मुरबाड आणि मुरबाडहून शहापूर अशा दोन एसट्या बदलत काढलं, आणि कॉलेजात माझं नाव ‘उशिरा येणारी भाविका’ असंच पडलं. आता शेणव्याहून एकच गाडी. आई म्हणाली, आत्या एकटी असते, तिला सोबत होईल, आणि निदान एकदा तरी तू पहिल्या तासाला बसशील.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा हिनेच बाबांना कडेवर घेऊन वाढवलं. तिला मूलबाळ नाही आणि यजमान जाऊनही दहा वर्षं झाली. वय पासष्टच्या पुढे, पण तिच्या एकटीच्या कामाला माझ्यासारख्या दोघी लागतील. मी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी समोर आली. मला निरखून म्हणाली, नाक अगदी कोंडूचं हाय, पन तुझ्या तोंडावर जरा बरं बसलाय. कोंडू म्हणजे माझे बाबा. एवढं बोलून तिने डोळ्यांना पदर लावला. मी पाण्याचं निमित्त करून उठले.

मागच्या पडवीत मला खाट, टेबल आणि एक खिडकी मिळाली आहे. खिडकीबाहेर कापणीला आलेलं भात. इतकी ऐसपैस जागा मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतेय. त्या आनंदात ही वही सुरू केली, बघू किती दिवस टिकते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

या सत्रात हृदय आणि फुप्फुसांचा मोठा पेपर आहे. आम्ही श्वसनोपचाराची मुलं, म्हणजे पुढे अतिदक्षता विभागात श्वासाची यंत्रं सांभाळणार. हाच विषय कच्चा राहिला तर आमचं काही खरं नाही.

गोजर मॅडमनी आज बाजारातल्या खाटकाकडून बोकडाची फुप्फुसं हृदयासकट आणवली होती. श्वासनळीत नळी घालून पंपाने हवा भरली, तसा तो काळपट लिबलिबीत गोळा गुलाबी होत ट्रेच्या बाहेर आला. आमच्या ऋतिकने डब्यात नेमकं मटण आणलं होतं. तो दुपारी चहा-बिस्किटावर राहिला आणि आम्ही दिवसभर त्याला छळलं.

मॅडमनी डाव्या फुप्फुसाची खाच दाखवली. तिथे हृदय बसतं. फुप्फुसाने शेजाऱ्यासाठी आपली जागा सोडली आहे, हे मला फार आवडलं. मग म्हणाल्या, हृदयाला स्वतःचा ताल असतो, पण फुप्फुसाला नसतो. त्याला प्रत्येक श्वासाचा हुकूम मेंदूच्या देठातून यावा लागतो. आपण झोपलो तरी तो येत राहतो, म्हणून आपण सकाळी उठतो. मी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रत्येकाला एक काम मिळालंय. घरातलं एक वयस्कर माणूस निवडायचं आणि पंधरा दिवस, रोज ठरावीक वेळी, त्याची नाडी आणि श्वास मोजायचे. अट एकच: श्वास मोजतोय हे त्याला कळू द्यायचं नाही. कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून बोटं नाडीवर ठेवायची आणि नजर छातीवर.

आत्या दुपारी जेवून ओटीवर कलंडते. मी सकाळचे तास संपवून दोनच्या गाडीने येते आणि तिचा हात हातात घेते. आज नाडी बाहत्तर, श्वास सोळा. कुठे अडखळ नाही. असा श्वास पुस्तकात छापावा.

हात धरलेला असताना तिने विचारलं की कोंडू गेला तवा तू जवळ होतीस ना गो. टाळेबंदीमुळे ती भावाचं तोंडही बघू शकली नव्हती. मी होते म्हणाले. जागीच होतीस ना, असं तिने पुन्हा विचारलं. मी हो म्हणाले. मग तिला बरं वाटलं आणि मला अजिबात वाटलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज माझ्याकडून एक चूक झाली. छोटीशीच आहे.

सकाळभर भात झोडत होतो. दुपारी आत्या ओटीवर पडली, मी हात धरला. ती डोळे मिटूनच बोलू लागली. तू रोज हात धरतेस ते लई बरं वाटतं, कोंडू असाच हात धरून झोपायचा, म्हणाली. मला तिला फसवणं जिवावर आलं. मी सांगून टाकलं की आत्या, मी तुझे श्वास मोजते.

तिला केवढं हसू आलं. पासष्ट वर्षांत कधी ध्यान नाय गेला, म्हणाली. मग छातीवर हात ठेवून स्वतःच बघू लागली. हा आला, हा गेला, हा आला, हा गेला. आणि मग तिने विचारलं, आता फुडचा कधी घ्यायचा गो?

मी म्हटलं, तो आपोआप येतो. ती वाट बघत राहिली. तो येईना. मी मनात अकरापर्यंत मोजलं आणि घाबरून मोठा श्वास घेतला. त्याच क्षणी तिनेही घेतला. नंतर आम्ही दोघी हसलो, पण आत्या जरा कमी हसली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आत्या दोन रात्री भिंतीला टेकून बसून आहे. घेतल्याशिवाय श्वास येत नाही, म्हणते. घास चावताना घ्यायचा राहून जातो, म्हणून धड जेवतही नाही. भात झोडायला आलेल्या बायका घाई करतात, पण ती उंबऱ्यावर बसून ओठ हलवत मोजत असते.

गोजर मॅडमना सांगितलं. आधी मला झापलं, मग म्हणाल्या की असं होतं, लक्ष दुसरीकडे वळवा, दोन दिवसांत विसरतील. मी आत्याला माझ्या बालपणीचे सगळे किस्से सांगितले. ती ऐकते आणि मोजते.

माझ्यामुळे झालंय हे. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल आत्याला दवाखान्यात नेलं. छाती साफ, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. माझ्या हट्टापायी एक रात्र ठेवून घेतलं. मी शेजारी स्टुलावर जागी बसले आणि आत्या सहा तास गाढ झोपली. मॉनिटरच्या पडद्यावर श्वासाची एकही लाट चुकली नाही. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे, घरी न्या. मी श्वासाच्या यंत्राबद्दल विचारलं. अठ्ठ्याण्णव असलेल्या बाईला कोण यंत्र लावतं, म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

घरी आल्यावर आत्याने चार दिवसांनी पोटभर खाल्लं. मला रडू आलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आत्या दुपारी झोपली होती. मी शेजारी बसून तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. तिची छाती थांबली. तांब्या खाली ठेवून मी श्वास घेतला, तेव्हा तिचीही हलली.

मग मी मुद्दाम श्वास रोखला. वीस, चाळीस, साठ. तिचे ओठ निळसर पडले. मी सोडला. तिनेही सोडला. मी भरभर घेतले, तिचेही भरभर. तीनदा केलं. तिसऱ्यांदा करायला नको होतं, तिने झोपेतच माझी ओढणी मुठीत धरली.

म्हणजे जागेपणी ती स्वतः मोजून घेते. झोपली की माझे घेते. दवाखान्यात सगळं ठीक होतं ते मी जागी होते म्हणून.

मी आत्याला सांगितलं. तिने नुसती मान हलवली. तिला माहीत असावं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेज सोडता येईना, म्हणून आज गेले. परतताना एसटीत डुलकी लागली. गुदमरून उठले. शेजारची बाई पाठ चोळत होती, पोरी, तुझा दम बंद झालेला, म्हणाली.

घरी येऊन पाहिलं. काही न करता बसले. श्वास आला नाही. वीस मोजले. आला नाही. घ्यावा लागला.

आता माझाही आपोआप येत नाही.

हे आत्याला सांगणार नाही. ती स्वतःलाच दोष देत बसेल.

झोपायचं नाही, बस. मला न झोपण्याचा अनुभव आहे. एप्रिल २०२१. बाबांना कुठेच खाट मिळाली नाही, घरीच सिलिंडर लावला होता. आई तापाने पडलेली. मी सोळाची. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, दर दहा मिनिटांनी श्वास मोज, दहाच्या खाली आले की मला कळव. तीन दिवस मोजले. चौथ्या दिवशी सकाळी जरा भिंतीला टेकले. डोळे उघडले तेव्हा ऊन घरात आलं होतं आणि मोजायला काही उरलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं, मी जागी होते, बाबा शांतपणे गेले.

ते शांतपणे गेले का, मला माहीत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन रात्री झाल्या. डोळ्यांना मिरची लावून पाहिली. आईला फोन केला, ती उद्या संध्याकाळच्या गाडीने येतेय. येऊन काय करणार — पण येऊ दे.

आत्याला पाळ्या लावू म्हटलं. मी जागी असताना तू झोप. तू झोप गो, मी जागी रहाते, असं तीच मला म्हणाली. मी झोपत नाही. का ते सांगितलं नाही. म्हातारीला वाटतं मी तिच्यासाठीच जागी आहे.

आज सांगून टाकलं, बाबांचं. सगळं. मी झोपले होते, खोटं बोलले, तुझ्याशीसुद्धा. ती ऐकत राहिली. श्वास तेवढे घेत होती. मग म्हणाली, पोर होतीस गो, पोराला झोप लागनारच. कोंडू रागावला नसंल.

साडेचार वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. कसं म्हणणार. कुणाला ठाऊकच नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपार

उभ्यानेच लिहितेय — बसले की —

एकतीस. बत्तीस. तेहतीस. ओळ झाली की एक श्वास, असं ठरवलंय.

आत्याने न्हाऊन घेतलं. लुगडं बदललं. देवापुढे दिवा लावला, भर दुपारी. शेजारच्या गीताबाईंकडे घराची किल्ली देऊन आली. मी विचारलं कशाला — हसली फक्त.

घे. सोड. घे.

बस म्हणाली. जरा बस. ऐकत नाही. हाताला धरून बसवलं मला ओटीवर. हिच्या हातात अजून एवढा जोर —

डोकं मांडीवर घेतलंय. वही माझ्या पोटावर. थोपटतेय. बाबांना म्हणायची तेच काहीतरी म्हणतेय, शब्द कळत नाहीत. माझं झालं गो, म्हणते. लई जगली मी. तू झोप, तू जग. माझ्यापायी नको जागू. मी डोळे मिटते, तू पन मीट.

नको आत्या —

तिला वाटतंय तीच एकटी — तिला माहीतच नाही की माझा पण — सांगितलं नाही मी — आता सांगायला हवं, तोंड उघडत नाही, थोपटतेय —

घे.

आत्या, थांब, थोपटू नकोस, माझाही श्वास आपोआप ये